लाल रंगाविना उर्बिनो

चढ संपत नाही म्हणून कुरकुर करू नका. उर्बिनो टेकड्यांवर वसलेले आहे आणि 1533 साली तिथे पोचायचे तर खेचर नाहीतर स्वतःचे पाय, एवढेच दोन पर्याय आहेत. वर विटांचा प्रचंड वाडा दिसतो, त्याच्या पश्चिम अंगाला दोन सडपातळ मनोरे. तो ड्यूकचा. ड्यूक फ्रान्चेस्को मारिया देल्ला रोवेरे घरी सापडायची शक्यता कमीच. तो व्हेनिसच्या फौजांचा सेनापती आहे आणि दरबारही दहा वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या पेसारोला हलला आहे. बरेच झाले. वाड्यात तुमचे काही काम नाही. चित्रकार राफाएलचे जन्मघरही मागे टाका. तो इथून गेला, रोममध्ये थोर झाला आणि तेरा वर्षांपूर्वी वारला. त्याची गाठ पुढे पडेल, कागदावर.

तुम्हाला जायचे आहे धुराच्या मागावर. एका गल्लीच्या टोकाला फाटक, आत अंगण, अंगणात सुक्या लाकडांच्या मोळ्या, आणि ओल्या मातीचा तो वास, जो कुठल्याही देशातल्या कुंभारवाड्यात सारखाच येतो. चाकापाशी रेंगाळू नका. चाक पायाने फिरवतात, माती नदीकाठची असते, थाळ्या वाळवून एकदा भाजतात. कुंभारकाम तुम्ही आधीही पाहिले असेल. इथले निराळे काम सुरू होते ते त्यानंतर, पिंपापाशी.

पिंपात पांढरे दाट पाणी आहे. हात घालू नका, त्यात शिसे आहे. शिसे आणि कथील एकत्र जाळून त्यांची राख केलेली. वाळू आणि द्राक्षाच्या दारूच्या पिंपात तळाशी साचणारा गाळ जाळून, वितळवून त्याची काच केलेली. आणि हे सगळे जात्यावर इतके बारीक दळलेले की बोटांना कण लागू नये. कथील महाग. मालक चमच्या-चमच्याचा हिशेब ठेवतो, कारण मातीचा मूळ रंग लपवून तिला दुधी पांढरे करणारी चीज तीच. ही युक्तीही इटलीची नव्हे. चिनी पोर्सेलिन पाहून नवव्या शतकात बसऱ्याच्या कुंभारांनी ती शोधली. त्यांच्याकडे ती चिनी माती नव्हती, म्हणून साध्या मातीला त्यांनी कथलाचा अंगरखा चढवला. तिथून ती भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने स्पेनला आणि स्पेनहून इथे आली. म्हणजे ज्या पांढऱ्यावर आता इटालियन लोक ग्रीक-रोमन देव रंगवणार आहेत, तो पांढरा अरबांना चिन्यांची नक्कल करताना सापडला. नक्कल हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

पोऱ्या थाळी बुडवतो, उचलतो, हलवून पाणी निथळवतो. क्षणात पाणी मातीत शोषले जाते आणि वर कोरडी पांढरी भुकटी उरते. हीच चित्रकाराची भूमी. रांगोळीचा पातळ थर पसरा आणि त्यावर ओला कुंचला टेकवून एक रेघ ओढून बघा, म्हणजे या लोकांची पंचाईत कळेल. रंग टेकला की भुकटीने तो गिळला. पुसता येत नाही, घासता येत नाही, कुंचला जरा रेंगाळला तर डाग पसरतो. रोमच्या भिंतींवर फ्रेस्को काढणाऱ्याला निदान तेवढा गिलावा उखडून पुन्हा लावता येतो. इथे चुकलेली थाळी धुऊन पुन्हा पिंपात बुडवायची, आणि सकाळचे काम पाण्यात.

आता चित्रकारांच्या खोलीत या. टेबल शोधू नका. सगळे बाकांवर बसलेले, डावा हात थाळीखाली, थाळी गुडघ्यावर, उजव्या हातात कुंचला. कुंचले बकरीच्या आणि गाढवाच्या आयाळीच्या केसांचे, आणि अगदी बारीक कामाचे चक्क उंदराच्या मिशांचे. हे सगळे मी कल्पनेने रचत नाही. खाली मेताउरो नदीच्या काठी कास्तेल दुरान्ते नावाचे गाव आहे, तिथे या क्षणी नऊएक वर्षांचा एक मुलगा हुंदडतो आहे, चिप्रियानो पिकोलपास्सो. मोठा होऊन तो 1557 च्या सुमाराला कुंभाराच्या कलेवर तीन भागांचा ग्रंथ लिहील, त्यात चाक, भट्टी, जाते, कुंचला सगळ्यांची चित्रे काढील, आणि आपल्याला हे कारखाने आतून दिसतील ते त्याच्यामुळे. कुंभारांना या चोंबड्या मुलाचा राग यायला हरकत नव्हती. तोवर गुपित बापाने मुलाला सांगायचे, तेही मरणाच्या वाटेवर असताना, असा या धंद्याचा खाक्या होता.

वाट्यांमध्ये डोकावून बघा. निळा कुठे आहे? ती काळपट राखाडी वाटी म्हणजे निळा, कोबाल्टचा. हिरवा तांब्याचा, तोही आता काळाच दिसतो. मँगनीजचा जांभळट तपकिरी. पिवळा शिसे आणि अँटिमनीचा, त्यात लोखंडाचा गंज घातला की नारिंगी. पांढरा कथलाचा. म्हणजे समोरच्या माणसाला आकाश काळ्याने रंगवायचे आहे आणि गवतही काळ्यानेच, आणि डोळ्यांपुढे मात्र भट्टीनंतरचे निळे आकाश व हिरवे गवत ठेवायचे आहे.

आणि लाल? पुन्हा मोजा. लाल नाही. आगीत टिकेल असा भरवशाचा लाल या लोकांपाशी नाही. पिकोलपास्सो पुढे लिहील की फाएन्झातल्या एका कारखान्यात त्याने हिंगुळाइतका सुंदर लाल पाहिला, पण तो दगाबाज आहे. उर्बिनोतली चित्रकार मंडळी त्याच्या वाटेला जात नाहीत. गाल, ओठ, जखमा, राजवस्त्रे, ट्रॉयची आग, सगळे नारिंगीवर भागवायचे.

तो कोपऱ्यातला, चाळिशी उलटलेला, वही जवळ ठेवून बसलेला माणूस बघा. फ्रान्चेस्को झान्तो आवेल्ली. उर्बिनोचा नव्हे, दूर उत्तरेकडच्या रोविगोचा, आणि ते तो थाळ्यांवर सांगतो. त्याला स्वतःला कवी म्हणवून घ्यायला आवडते. ड्यूकच्या स्तुतीची चाळिसाहून अधिक सॉनेट त्याने लिहिली आहेत आणि ती आजही व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहेत. ड्यूकने त्याला त्याबद्दल काय दिले ते विचारू नका, माणूस अजून थाळ्याच रंगवतो आहे. तीन वर्षांपूर्वी, 1530 मध्ये, इथल्या कारागिरांनी एकी करून मजुरी वाढवून मागितली. कारखान्यांच्या मालकांनी उलट एकी केली आणि आपापसात लेखी करार केला की या लोकांना कुणीही कामावर घ्यायचे नाही. त्या यादीत झान्तोचे नाव आहे. त्याच वर्षापासून थाळ्यांच्या पाठीवर त्याची पूर्ण नावानिशी सही दिसू लागते. योगायोग असेल. मला तो तसा वाटत नाही. ज्याचे नाव काळ्या यादीत गेले, त्याने ते निळ्या रंगात मालावर लिहायला घेतले.

आज त्याच्या गुडघ्यावर आक्टिऑनची थाळी आहे असे समजू. गोष्ट रोमन कवी ओव्हिडची: शिकारी आक्टिऑन रानात वाट चुकतो, झऱ्यात न्हाणाऱ्या डायना देवीला पाहतो, ती चिडून त्याच्यावर पाणी उडवते, त्याच्या डोक्यावर शिंगे फुटतात, तो सांबर होतो आणि त्याचेच शिकारी कुत्रे त्याला फाडतात. या कारखान्यांना लॅटिन ओव्हिडची गरज पडत नाही. 1497 मध्ये व्हेनिसला त्याचे ‘मेटामॉर्फोसिस’ इटालियनमध्ये, ठसठशीत लाकडी ठशांच्या चित्रांसह छापून निघाले, 1522 मध्ये आणखी एक पद्यरूप आले. कारखान्यातली ती पुस्तके बोटांनी काळी झालेली आहेत.

आता झान्तोची वही उघडी आहे तोवर डोकावून घ्या. आत चित्रे नाहीत, तुकडे आहेत. रोममध्ये मार्कान्तोनिओ राइमोन्दी नावाच्या माणसाने राफाएलची चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली, आणि ते कागद साऱ्या इटलीभर पसरले. झान्तो त्यातून माणसे वेचतो. एका छापातली धावणारी आई, दुसऱ्यातला टेकून बसलेला नदीदेव, तिसऱ्यातला पाठमोरा सैनिक. आई इथे अप्सरा होते, सैनिक शिकारी होतो. कधी पुरुषाची बाई होते, कधी बाईचा पुरुष. 1524 मध्ये मार्कान्तोनिओने ज्युलिओ रोमानोच्या चित्रांवरून सोळा शृंगारासनांचे छाप काढले. पोप सातवा क्लेमेंट इतका खवळला की मार्कान्तोनिओ तुरुंगात गेला आणि छाप जाळले गेले. ती बिचारी नागडी मंडळी कुठे गेली म्हणता? बरीचशी इथे, उर्बिनोत आली. झान्तोने त्यांना एकमेकांपासून सोडवले, कुणाच्या हातात ढाल दिली, कुणाला पंख लावले, आणि बड्या लोकांच्या मेजवान्यांना धाडून दिले. त्या काळातला यापेक्षा गमतीदार सूड मला ठाऊक नाही.

मग हा चोर का? पुढे कित्येक अभ्यासकांनी नाक मुरडले: स्वतःचे काही नाही, सगळे कापून चिकटवलेले. तर त्याच मार्कान्तोनिओच्या ‘पॅरिसचा निवाडा’ या छापातली उजव्या कोपऱ्यातली तीन माणसे 1863 मध्ये एदुआर माने नावाच्या चित्रकाराने उचलली, दोघांना कोट-पाटलोण चढवली, गवतावर बसवले आणि आधुनिक चित्रकलेचे दार उघडल्याचा मान मिळवला. तेव्हा झान्तोला एक न्याय आणि मानेला दुसरा, हे मला पटत नाही. सपाट कागदावरचे चौकोनी चित्र उचलून गोल, मध्ये खोलगट, कडेला उतरत्या थाळीवर बसवायचे, तेही न पुसता, तेही काळ्या रंगाने, हे करून बघा आणि मग नक्कल म्हणा.

बघा, तो सुरुवात करतो आहे. आधी बारीक बाह्यरेषा. मग अंगावर पिवळट छटा, तिच्यावर पांढऱ्याचे उजेड, खळग्यांत करडी सावली. डायनाच्या मागे खडक, खडकामागे निळे डोंगर, डोंगरापलीकडे मनोऱ्यांचे गाव, जे ग्रीसमध्ये कुठेही नाही आणि खिडकीबाहेर मात्र आहे. कुत्र्यांपाशी आल्यावर तो थांबतो. रक्त हवे. नारिंगी घेतो, त्यात किंचित तपकिरी, आणि तीन ठिकाणी कुंचला टेकवून उचलतो. तुम्हाला ते रक्त वाटते. वाटायलाच हवे, चहूबाजूंनी इतका निळा-हिरवा रचला आहे की नारिंगीला लाल होण्यावाचून गत्यंतर नाही.

थाळी तो उलटी करतो. भट्टीनंतर पाठीवर अक्षरे निळी दिसतील: साल, गोष्टीबद्दल एक-दोन ओळी, कोणत्या पुस्तकातून घेतली त्याचा दाखला, आणि खाली फ्रान्चेस्को झान्तो आवेल्ली, रोविगोचा, उर्बिनोमध्ये. ही बाजू यजमानाला सहसा दिसत नाही. काही वर्षांनी तो थकेल आणि फक्त एक फुली, ‘एक्स’ हे अक्षर, काढून मोकळा होईल.

भट्टीची रात्र मात्र चुकवू नका. थाळ्या मातीच्या पेट्यांत एकमेकींना चिकटणार नाहीत अशा बेताने, मातीच्या खुंट्यांवर तोलून रचल्या आहेत. भट्टीचे तोंड लिंपले आहे. पण आग लावण्याआधी मालक आकाशाकडे बघतो. चंद्र वाढता हवा. जुने लोक सांगतात, उतरत्या चंद्रावर भट्टी लावली तर चंद्राचे तेज जाते तसे आगीचेही जाते. पिकोलपास्सोने हे गंभीरपणे नोंदवले आहे. तुम्ही हसू नका. भट्टीत लावलेल्या मालाचे, दोन-तीन महिन्यांच्या मजुरीचे काय होणार ते कळायला यांच्यापाशी दुसरे काही साधन नाही. सुमारे 950 अंशांची उष्णता लागते आणि अंश मोजणारे यंत्र जन्माला यायचे आहे. भोकातून आत बघायचे, ज्वाळेचा रंग ओळखायचा. देवाचे नाव घेऊन, मनापासून प्रार्थना करून आग लावतात. सुकी लाकडे, म्हणजे धूर कमी. रात्रभर कुणी झोपत नाही, कुणी फार बोलतही नाही.

भट्टी लगेच उघडता येत नाही. थंड होईपर्यंत थांबावे लागते आणि हे थांबणे सगळ्यांत वाईट. झान्तो येरझाऱ्या घालतो. मग विटा निघतात, पेट्या निघतात. दोन थाळ्या चिरल्या आहेत. एकीवर झिलई फोडासारखी उठली आहे. आणि आक्टिऑनची थाळी? हात लावा, अजून कोमट आहे. काळपट भुकटीचे आकाश झाले आहे. डोंगर ओले वाटतात. त्या मॅट, धुरकट रेघांवर काचेचा थर चढला आहे आणि कोबाल्टचा निळा आतून उजळतो आहे. तैलचित्रे पिवळी पडतात, कापड विरते, फ्रेस्कोला ओल येते. हा रंग काचेत गोठला आहे. तो जसा आज दिसतो तसाच पाचशे वर्षांनी दिसेल. 1533 सालच्या निळ्याकडे 1533 सालच्याच नजरेने बघायचे असेल तर रंगचित्रांपेक्षा थाळ्या बऱ्या.

लाल हवाच असेल तर डोंगरापलीकडे गुब्बिओला जा. तिथे मास्त्रो जोर्जो आन्द्रेओली नावाचा माणूस तयार थाळी घेतो, तिच्यावर चांदी आणि तांब्याचे क्षार लावतो, आणि तिसऱ्यांदा, धूर कोंडून भाजतो. बाहेर काढून घासली की सोनेरी झळाळी, आणि जमले तर माणकासारखा लाल. उर्बिनोच्या पुष्कळ थाळ्या तिथे पाठवल्या जातात, झान्तोच्याही. पण पिकोलपास्सो म्हणतो, शंभर थाळ्यांपैकी कधी कधी जेमतेम सहा चांगल्या निघतात. दोन भट्ट्यांतून सहीसलामत आलेली थाळी लालाच्या लोभाने तिसऱ्या आगीत घालायची: तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले. तरी लोक पाठवत राहिले, यावरून त्या लालाची भूक केवढी होती ते समजा.

या थाळ्या कुणासाठी? एक उडी मागे घ्या, 15 नोव्हेंबर 1524. उर्बिनोची डचेस एलेओनोरा गोन्झागा आपल्या आईला, मांतुआच्या इसाबेल्ला देस्तेला, पत्र लिहिते आहे: आमच्याकडच्या कारागिरांचे बरे नाव आहे, म्हणून तुमच्यासाठी मातीच्या भांड्यांचा एक संच करवला, पोर्तोच्या तुमच्या बागेतल्या घरी वापरा, गावाकडच्या घराला शोभेल अशीच वस्तू आहे. हा सगळा मजकूर माझ्या शब्दांत, पण आशय तिचाच. राजघराण्यात खरी श्रीमंती चांदीची. माती ही बागेतली, उन्हाळ्यातली, जरा मोकळेपणाची चैन. तो संच निकोला दा उर्बिनो या चित्रकाराचा असल्याचे मानतात, झान्तोपेक्षा हळुवार हाताचा माणूस. त्याचे वीसहून अधिक नग आज जगभर विखुरलेले आहेत. त्यांवर ओव्हिडच्या गोष्टी आहेत, मध्ये इसाबेल्लाचे कुलचिन्ह आहे, आणि तिला आवडणारी संगीतातल्या विरामांची खूण आहे. मांतुआच्या त्या काळच्या चांदीच्या ताटांची चौकशी करून बघा. चांदीला वितळवता येते, पैसे लागले की ती वितळते. युद्ध आले की आधी ती जाते. मातीच्या थाळीला लुटारूही हात लावताना कचरतो, कारण ती फुटली तर कवडीची नाही. स्वस्त होती म्हणून ती वाचली.

आता परत या. निकोलाची फेड्रा आणि हिपोलितसची थाळी, इसाबेल्लाच्या त्याच संचातली, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पिकोलपास्सोचे हस्तलिखितही त्याच संस्थेपाशी आहे. झान्तोच्या थाळ्या लंडनमध्येही आहेत आणि युरोप-अमेरिकेतल्या डझनावारी संग्रहालयांतही. लंडनला मुलांकडे, नातवंडांकडे जाणारे तुमच्यापैकी पुष्कळ असतील. एक दुपार काढा. थाळीसमोर उभे राहिलात की आधी लाल शोधा, मग तिची पाठ दाखवणारा आरसा किंवा फोटो कुठे आहे का ते पाहा आणि सही वाचा. प्रवेश फुकट आहे.